सपाट पाय, बुटातले इनसोल आणि सहा वर्षांची कंबरदुखी: मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

बरेच दिवस लिहू की नको असं चाललं होतं, आज लिहितेच. वय 44, शिकवण्याचं काम, म्हणजे दिवसाचे पाच-सहा तास उभं राहणं आलंच. सहा वर्षांपासून कंबर दुखते. अगदी खालच्या पट्ट्यात, उजवीकडे जास्त. सकाळी ठीक असते, दुपारपर्यंत भरून येते, दहा मिनिटं बसलं की सुटते. पायात कळ उतरत नाही, मुंग्या नाहीत, बधिरपणा नाही. दोन वर्षांपूर्वी एमआरआय झाला. मणक्यांमधली एक चकती किंचित फुगलेली दिसली, पण अस्थिरोगतज्ज्ञ तेव्हाच म्हणाले की या वयात कंबर न दुखणाऱ्यांच्या एमआरआयमध्येही असं पुष्कळदा दिसतं. फिजिओथेरपी दोनदा झाली. व्यायाम चालू होते तोवर बरं वाटलं, नंतर ते सुटले.

आता पायाचं. आठ महिन्यांपूर्वी उजवी टाच धरली. सकाळी पलंगावरून उतरून पहिलं पाऊल टाकलं की खिळा रुतल्यासारखं व्हायचं. प्लांटर फॅशिआयटिसचं (टाचेपासून तळव्याखाली जाणारा पट्टा दुखावण्याचं) निदान झालं, आणि त्या तपासणीत पहिल्यांदाच कुणीतरी माझे पाय उभं करून मागून पाहिले. उजव्या तळव्याची कमान उभं राहिलं की बसते, चवड्यांवर उभी राहिले की परत दिसते. म्हणजे लवचिक सपाट पाय. घरी येऊन ओल्या पायाने फरशीवर उभी राहिले. डाव्या पायाचा ठसा मध्ये निमुळता, उजव्याचा सगळा भरलेला. जुने बूट टेबलावर ठेवून मागून पाहिले तर उजवा आतल्या बाजूला चक्क कललेला. इतकी वर्षं तेच बूट रोज घालत होते आणि कधी लक्ष गेलं नाही.

मग मापाचे इनसोल करून घेतले. करून देणाऱ्यांनी सगळी साखळी समजावली: पाऊल आत कललं की नडगी आत फिरते, मागोमाग मांडी फिरते, ओटीपोट पुढे झुकतं आणि कमरेचा बाक वाढतो. पाय सरळ झाला की कंबर आपोआप सुटेल, असं ठामपणे सांगितलं. मला ते पटलं, कारण दोन्ही दुखणी उजवीकडेच आहेत.

चार महिने झाले. टाच जवळजवळ बरी आहे. कंबर जिथे होती तिथेच. सुरुवातीला मी पहिल्याच दिवशी दिवसभर इनसोल घातले, त्यामुळे दोन आठवडे गुडघ्याची बाहेरची बाजू दुखत होती. रोज तासाभराने वेळ वाढवायची असते, हे मला नंतर कळलं. आता दुसरे फिजिओथेरपिस्ट म्हणतात की पायाचा आणि कमरेचा काही संबंध नाही, इनसोल काढून टाका.

थोडं वाचलंही. इनसोलने कंबरदुखी टळत नाही, असं 2007 च्या कॉक्रेन आढाव्यात (कॉक्रेन ही संस्था एका विषयावरचे सगळे प्रयोग एकत्र तपासते) स्पष्ट म्हटलंय, पण त्यातले बरेचसे प्रयोग तरुण सैनिकांवरचे होते, आणि असलेल्या दुखण्यावर उपचार म्हणून काय, याला तिथे पुरेसा पुरावा नव्हता. 2013 च्या अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम पाहणीत नुसत्या सपाट पायाचा कंबरदुखीशी संबंध दिसला नाही, मात्र चालताना पाऊल आत कलणाऱ्या बायकांमध्ये दिसला, पुरुषांत नाही. 2017 च्या एका प्रयोगात इनसोल घातलेल्यांना सहा आठवड्यांत आराम पडला, पण तुलना नुसती वाट पाहणाऱ्यांशी होती. एवढ्यावरून माझ्यापुरतं काय ठरवायचं ते उमगत नाही.

जाणकारांना विचारायचं आहे ते असं. कंबरेवर फरक पडायचा तर चार महिन्यांत पडायला हवा होता का? एक पाय आखूड असेल तर एकाच बाजूची कमान अशी बसते का, आणि ते कसं तपासतात? आणि आता इनसोल काढले तर टाच परत धरेल का, ही सगळ्यात मोठी धास्ती आहे. ज्यांनी असं दुखणं सोसलंय त्यांनी सविस्तर लिहा, प्लीज.

प्रतिसाद

ताई, मी फिजिओथेरपिस्ट आहे. न तपासता निदान करणार नाही, पण तुम्हाला सांगितलेल्या दोन्ही गोष्टी टोकाच्या आहेत. ती साखळी खोटी नाही, पण दर सांध्याला तिचा जोर कमी होत जातो. कमरेपर्यंत पोचेस्तोवर खुब्याचे स्नायू बरंच सावरून घेतात, किंवा ते कमकुवत असतील तर सावरत नाहीत. म्हणून मी आधी खुबा पाहीन.

पायाच्या लांबीत थोडा फरक बहुतेकांना असतो. बरेचदा लांब पायाची कमान बसते, म्हणजे शरीर तो पाय आखूड करून घेतं. उभं करून, आखूड पायाखाली पातळ ठोकळे ठेवत ओटीपोटाची दोन्ही हाडं समपातळीत आणतात, ठोकळ्यांच्या उंचीवरून फरक कळतो. टेपने झोपवून घेतलेल्या मापावर फार विसंबू नका. फरक निघालाच तर टाचेखालची उंची तीन-चार मिलिमीटरपासून, हळूहळू वाढवतात.

टाच बरी झाली म्हणजे इनसोलने त्याचं काम केलंय. ते एकदम काढू नका. आधी घरात तासभर काढून पाहा, सोबत पोटरीचे आणि तळव्याचे व्यायाम ठेवा. आज एक करा: भिंतीला बोटं टेकवून एका पायावर टाच उचला. प्रत्येक पायाने किती वेळा जमतं आणि उजवी टाच वर जाताना आत वळते का, ते लिहा. आणि बधिरपणा मांड्यांच्या मध्ये आला किंवा लघवीवरचा ताबा गेला, तर कशाचीही वाट न पाहता इस्पितळ गाठायचं.

धागाकर्ती

मनापासून आभार! आत्ताच करून पाहिलं. डावा 21 वेळा. उजवा 8, आणि सहाव्यापासून टाच नीट वर जातच नव्हती, घोटा थरथरत होता. आत वळते का ते स्वतःला दिसेना, म्हणून मुलीला मागे बसवलं. ती म्हणते, डावी टाच वर जाताना आत वळते, उजवी सरळच राहते. याचा अर्थ काय घ्यायचा? घोट्याच्या आतल्या बाजूला दाबलं तर थोडं दुखतंही आहे, हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं.

प्रतिसाद

वळायला हवी ती डावीच वळते आहे. कमान उचलून धरणारा स्नायू पोटरीत खोलवर असतो, त्याची कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी) घोट्याच्या आतल्या बाजूने तळव्यात जाते. तुम्ही दाबलीत ती जागा तीच. उजवीकडचा तो स्नायू थकलेला दिसतो. इनसोल तूर्त अजिबात काढू नका, आणि पुढच्या भेटीत हे आकडे आणि ती दुखरी जागा आधी दाखवा.