नागपूरचा उन्हाळा आणि ओव्हरक्लॉक: मशीन पडलं की व्होल्टेज वाढवायचंच का?

धंतोलीकर
हिवाळ्यात ठणठणीत चाललेलं ओव्हरक्लॉक (प्रोसेसर ठरलेल्या वेगापेक्षा जास्त पळवणं) एप्रिल लागला की ढासळतं. भाच्याचं मशीन सध्या याच फेऱ्यात आहे. एएमडीचा रायझन ५ ५६००एक्स प्रोसेसर, सहाही कोर (आतले गणित करणारे भाग) ४.६ गिगाहर्ट्झवर, व्होल्टेज १.३० व्होल्ट, मेमरी एक्सएमपी (मेमरीच्या वाढीव वेगाचं तयार सेटिंग) लावून ३६०० च्या वेगानं. ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये रेंडर (फ्रेम तयार करण्याचं काम) लावलं की मध्येच रीस्टार्ट. सीताबर्डीच्या एका दुकानात सल्ला मिळाला, "१.३७५ करा, बसेल." हा सल्ला सर्रास दिला जातो आणि मला तो साफ चुकीचा वाटतो, म्हणून हा धागा.

वेग तोच ठेवला तर चिपची वीज व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. १.३० वरून १.३७५ म्हणजे सुमारे १२ टक्के जास्त, वर गळतीची (चिपमधून वाया झिरपणारी वीज) वेगळी. ती सगळी उष्णता शेवटी खोलीच्या हवेतच सोडायची, आणि मे महिन्यात ती हवाच तापलेली असते. पंख्याचा कूलर घ्या की पाण्याचा, खोलीच्या तापमानाच्या खाली दोन्ही जात नाहीत. मग चिप आणखी तापते, गळती आणखी वाढते, आणि जेवढा आधार दिला तो उष्णताच खाऊन टाकते.

माझं म्हणणं एवढंच की आधी दोषी कोण ते शोधा. एक्सएमपी बंद करून मेमरी मूळ वेगावर आणा, प्रोसेसर आहे तसा ठेवा आणि तेच रेंडर पुन्हा लावा. टिकलं तर संशय आधी मेमरीच्या सेटिंगवर. नाही टिकलं तर उलट करा: प्रोसेसर मूळ स्थितीत, मेमरी ३६०० वर. एका वेळी एकच गोष्ट बदला.

वऱ्हाडी_सिलिकॉन
दादा, मेमरीचं कबूल. पण व्होल्टेजले इतकं कायले भ्यायचं? चिपले कमी पडून राहिलं तर द्याच लागते. बायोसमध्ये (मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये) १.३० लिहिलं म्हणजे भार आल्यावर १.३० मिळते असं नाही. सहाही कोर लागले की व्होल्टेज खाली उतरते. एचडब्ल्यूइन्फो हे असे आकडे दाखवणारं सॉफ्टवेअर उघडून रेंडर चालू असताना आकडा पाहा. तिथे १.२५ दिसलं तर दुकानवाला बरोबर आहे, फक्त उपाय त्यानं जाडाभरडा सांगितला. लोड लाइन कॅलिब्रेशन, म्हणजे भारावर व्होल्टेज उतरू न देणारं सेटिंग, वाढवा, काम होते.

आणि ओव्हरक्लॉकिंग व्होल्टेजवरच वाढलं आहे. इंटेलचा १९९८ चा सेलेरॉन ३००ए प्रोसेसर आठवा. ६६ ची बस (प्रोसेसरचा वेग जिच्यावरून ठरते ती) १०० केली की ४५० मेगाहर्ट्झ. जे तेवढ्यावर बसत नव्हते ते थोडं व्होल्टेज दिलं की बसत होते.

धंतोलीकर
भारावरचा आकडा पाहायचा, हे शंभर टक्के मान्य. पण लोड लाइन सगळ्यात वरच्या पायरीवर नेऊ नका. भार अचानक उतरला की त्याच सेटिंगमुळे व्होल्टेज क्षणभर उसळी मारतं, आणि ती उसळी सॉफ्टवेअरमध्ये दिसत नाही. मधली पायरी पुरते.

सेलेरॉनचा दाखला मात्र आज लागू नाही. तेव्हा कंपनी चिपमध्ये दीडपट वेग शिल्लक ठेवून विकत होती. ५६००एक्सचा कंपनीनेच सांगितलेला कमाल बूस्ट (गरजेपुरता आपोआप वाढणारा वेग) ४.६ आहे. म्हणजे हातानं सगळे कोर ४.६ वर बांधून एका कोरच्या कामात काहीच मिळत नाही. आणि जास्त व्होल्टेजनं काय होतं ते इंटेलच्या १३व्या आणि १४व्या पिढीत दिसलंच. २०२४ मध्ये इंटेलनं मान्य केलं की प्रोसेसर गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागत होते आणि त्यातून कायमचे अस्थिर होत होते. ०एक्स१२९ हा मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतल्या आज्ञांची दुरुस्ती) आला, वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. तेही ज्यांनी कधी ओव्हरक्लॉक केलं नाही अशांच्या मशीनवर. म्हणून मी म्हणतो, पीबीओ (एएमडीचं बूस्ट आपोआप वाढवणारं सेटिंग) लावा, त्यातल्या कर्व्ह ऑप्टिमायझरनं कोरचं व्होल्टेज खाली आणा.

त्रिमूर्तीनगरची_मी
काका, तुमचा शेवटचा सल्ला दुकानदाराच्या सल्ल्याइतकाच धोक्याचा आहे. कर्व्ह ऑप्टिमायझरमध्ये सगळ्या कोरना सरसकट उणे ३० (जेवढं जास्त उणे, तेवढं व्होल्टेज कमी) लावणारे खूप आहेत. सिनेबेंच ही सगळे कोर ताणणारी टेस्ट पास होते, सगळे खूश, आणि मग मशीन काहीच काम नसताना रीस्टार्ट होतं. कारण सोपं आहे. सगळे कोर लागलेले असताना वेग उतरलेला असतो, तिथे कमी व्होल्टेज चालतं. एकच कोर पूर्ण बूस्टवर उडी मारतो तेव्हा ते कमी पडतं. सगळे कोर लावून केलेल्या सिनेबेंचमध्ये हे दिसणार नाही. कोअरसायक्लर या टूलनं एकेक कोर वेगळा तपासावा लागतो. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये डब्ल्यूएचईए लॉगरची (हा हार्डवेअरच्या चुका नोंदवतो) १८ क्रमांकाची नोंद शोधा, तिच्यातल्या एपीआयसी आयडीवरून, म्हणजे ओळख क्रमांकावरून, कोणता कोर पडतोय ते कळतं. मग त्या कोरचा आकडा उणे ३० वरून उणे १५ वर आणा, बाकीचे राहू द्या. म्हणजेच त्याला व्होल्टेज वाढवून द्या!

आणि एक प्रश्न कोणीच विचारला नाही. रेंडर प्रोसेसरवर चालतं की ग्राफिक्स कार्डावर? कार्डावर असेल आणि निळा पडदा न येता थेट रीस्टार्ट होत असेल, तर मी आधी पॉवर सप्लायकडे पाहीन.

धंतोलीकर
प्रोसेसरवर. कधी थेट रीस्टार्ट, कधी निळ्या पडद्यावर क्लॉक वॉचडॉग टाइमआउट (एखादा कोर वेळेत उत्तर देत नाही अशी चूक).

त्रिमूर्तीनगरची_मी
मग संशय कोरवरच, मेमरीवर कमी. तरी मेमटेस्ट चालवाच.

खामला_रेंडर
मी पैसे घेऊन रेंडर करून देतो, त्यामुळे माझं मत कडक आहे. कामाच्या मशीनवर ओव्हरक्लॉक नकोच, नागपुरात तर नाहीच. मशीन पडलं तर निदान कळतं. जास्त वाईट म्हणजे ते न पडता चुकीचं गणित करतं. प्राइम९५ या प्रोसेसर ताणणाऱ्या टेस्टमध्ये राउंडिंगची चूक येते तेव्हा विंडोज मजेत चालू असतं. तसली चूक एखाद्या फ्रेममध्ये किंवा सेव्ह होणाऱ्या फाइलमध्ये गेली तर तुम्हाला कळणारही नाही. चार-पाच टक्के वेगासाठी हे कशाला?

तापमानाच्या आकड्याचंही जपून. मे २०२४ मध्ये इथल्या एका स्वयंचलित केंद्रानं ५६ अंश दाखवले आणि देशभर बातमी झाली, नंतर हवामान खात्यानं सांगितलं की सेन्सर बिघडला होता. प्रोसेसरचंही तसंच. पहिल्या पिढीचे रायझन १७००एक्स आणि १८००एक्स मुद्दाम २० अंश वाढवून दाखवायचे. एका आकड्यावर निदान करू नका.

वऱ्हाडी_सिलिकॉन
खामलावाले भाऊ, कामाचं मशीन असेल तर तुमचं खरं. पण पोरगं शिकून राहिलं आहे, त्याले हे सारं हातानं करू द्या. ओव्हरक्लॉकच बंद केलं तर व्हीड्रूप, म्हणजे भारावर व्होल्टेज उतरणं, काय असते हे त्याले कोण सांगणार?

धंतोलीकर दादा, १.३७५ मी पण म्हणत नाही. ४.५ वर आणा, भारावर काय मिळते ते पाहा, कमी असेल तर एकेक पायरी वर जा. टेस्ट मात्र रात्री नका लावू. दुपारी तीनले लावा, खसचा कूलर जसा रोज चालते तसाच चालू ठेवून. अन् कॅबिनेट त्याच्या थेट झोतात नको, ओल आत जाते.

धंतोलीकर
४.५ आणि दुपारची टेस्ट, दोन्ही घेतो. एक्सएमपी आजच बंद करतो. व्होल्टेजला मात्र त्याआधी हात लावणार नाही.