मदत हवी आहे: मार्टिन कुटुंबाच्या गाडीबद्दल, पोर्टलंडकर आणि जुन्या गाड्यांचे जाणकार

नमस्कार मंडळी. अमेरिकेतल्या मार्टिन प्रकरणावर लेख लिहितेय आणि दोन ठिकाणी अडलेय.

थोडक्यात हकीकत अशी. 7 डिसेंबर 1958, रविवार. ओरेगनमधल्या पोर्टलंडचं एक जोडपं तीन मुलींना घेऊन 1954 च्या फोर्ड स्टेशन वॅगनमधून नाताळच्या सजावटीसाठी हिरव्या डहाळ्या आणायला कोलंबिया नदीच्या खोऱ्याकडे निघालं. परत आलंच नाही. मे 1959 मध्ये धाकट्या दोघींचे मृतदेह नदीत सापडले. आईवडील, थोरली आणि गाडी बेपत्ता. मग घातपाताच्या वावड्या उठल्या, त्या आजही चघळल्या जातात. एका पाणबुड्याने अनेक वर्षं चिकाटीने शोध घेतला आणि 2024 मध्ये नदीकाठच्या कॅस्केड लॉक्स या गावाजवळ गाळात रुतलेली गाडी हुडकली. मार्च 2025 मध्ये क्रेन लावली, तर वर आली फक्त चासी (गाडीचा खालचा सांगाडा) आणि चाकं. गाडीची बॉडी खालीच राहिली!

आता प्रश्न. त्या काळच्या फोर्डची बॉडी चासीवर बोल्टने बसवलेली असायची ना? मग इतकी वर्षं पाण्यात राहिल्यावर ओढताना ती सुटणं स्वाभाविक आहे का? रिस्टोरेशन करणाऱ्यांनी कृपया सांगावं.

आणि पोर्टलंडकरांनो, कॅस्केड लॉक्सला कोणी गेलंय का? तिथला धक्का, उतार, पाण्याची कड कशी आहे? अंधारात, रिव्हर्स घेताना गाडी सरळ पाण्यात जाऊ शकते का? मला अपघातच वाटतो, पण जागा न बघता तसं लिहायला धीर होत नाही. फोटो असतील तर सोन्याहून पिवळं.