इफ्फीत सिरीजवाले खरंच भेटतात का? आईला न्यायचंय

फोंड्याची_पोर:
नमस्कार मंडळी. २००४ पासून पणजीत इफ्फी, म्हणजे आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, भरतो आणि आम्ही फोंड्याचे असून एकदाही आत गेलो नाही, दरवर्षी बाहेरचं लायटिंग बघून आईस्क्रीम खाऊन घरी. पण २०२४ ला 'लंपन'ला बेस्ट वेब सिरीजचं अवॉर्ड मिळालं तेव्हापासून आईने धोशा लावलाय की असे लोक येतात तर आपण का नाही जायचं (ही सिरीज ज्यांवर आहे ती प्रकाश नारायण संतांची पुस्तकं तिला जवळजवळ पाठ आहेत, सिरीज तीनदा बघून झाली). पास कसा काढायचा? आणि तिचे गुडघे दुखतात, झेपेल का?

मांडवीकाठ:
झेपेल, पण सिनेमे दाखवतात त्या आयनॉक्स थिएटरचा नाद सोड, आईला थेट कला अकादमीत ने. मास्टरक्लास आणि गप्पांचे कार्यक्रम तिथे असतात, २०२४ ला मनीषा कोईराला आणि विक्रमादित्य मोटवाने मोठा पडदा सोडून स्ट्रीमिंगकडे येण्यावर बोलले ते तिथेच. डेलिगेट म्हणून ऑनलाइन रजिस्टर कर, मग प्रत्येक कार्यक्रमाची सीट वेगळी बुक करावी लागते हे लक्षात ठेव, नुसतं गळ्यात कार्ड घातलं की झालं असं नाही. बुकिंग नसेल तर रश लाईन (बिनबुकिंगवाल्यांची रांग), म्हणजे गुडघ्यांची वाट.

खवट_काका:
कसली भेट? लांबून मुंडकी दिसतात. प्रश्नोत्तरं सुरू झाली की माइक एकाच्या हातात जातो आणि तो स्वतःच्या शॉर्टफिल्मची स्टोरी सांगत बसतो. आणि रोजच्या सिरियलवाले बघायला जात असाल तर सोडा, अवॉर्ड वेब सिरीजला आहे आणि तेही २०२३ पासून, पहिलं 'पंचायत'च्या दुसऱ्या सीझनला मिळालं.

दिवचलची_माई:
काका बरोबर बोलतात पण अर्धंच 😄 मी मावशीला नेलेलं. तिने प्रश्न कागदावर लिहून आणलेला, माइक आलाच नाही, कागद पदराच्या गाठीत तसाच. आम्ही नदीच्या बाजूला चहा घ्यायला गेलो तर ज्यांचं ऐकलं ते लेखकच कठड्याला टेकून उभे, हातात कागदी कप. मावशीने गाठ सोडून कागद सरळ त्यांच्या हातात दिला. त्यांनी चष्मा वर करून वाचला आणि दहा मिनिटं बोलले, चहा गार. सेल्फी मागायचं मात्र दोघीही विसरलो. म्हणून सांगते, कार्यक्रम संपला की लगेच पळू नका.

मांडवीकाठ:
आणि गाडी आणू नकोस गं बाय, कला अकादमी आहे त्या कांपालला पार्किंग शोधण्यातच कार्यक्रम संपेल. बसने ये, स्टँडवरून रिक्षा कर.

फोंड्याची_पोर:
पायलटवर (मोटरसायकल टॅक्सीवर) आई बसणारच नाही त्यामुळे रिक्षाच 😀 आईला माईंची पोस्ट वाचून दाखवली, तर ती आतापासूनच प्रश्न लिहायला बसलीय. दोन फुलस्केप झालेत.

खवट_काका:
दोन फुलस्केप?? मग माइक तिच्याकडे न आलेलाच बरा.