मदत हवी आहे: तळीकाठचं पेव पिवळं पडलंय

फोंडेकर
घरामागच्या तळीच्या काठाला पेव लावलंय. चतुर्थीच्या सुमारास सुंदर फुललं होतं. लाल बोंड, त्यातून कागदासारखं पांढरं फूल, मधे पिवळी झाक. आता पंधरा दिवस झाले, पानं खालून पिवळी पडत चाललीत, दोन दांडे आडवे झालेत. दोन वेळा पाणी घालतोय. काय फवारू? लवकर सांगा, आई रोज उठून तेच बघत बसते.

कुळागर
तळी मातीची की सिमेंटची? ऊन किती?

फोंडेकर
तळीकाठ म्हटलं ना. पाणी भरपूर आहे.

रानवाट
कंद कुजलेत. सगळे उपटून उन्हात टाका. माझे गेल्या वर्षी असेच गेले.

कुळागर
उपटू नका हो! डिसेंबर चाललाय. गोव्यात सत्तरी तालुक्यात ओहोळाच्या कडेने फिरा, सगळीकडे असेच पिवळे दांडे दिसतील. पाऊस सरला की पेव वरून वाळतं, कंद खाली जिवंत राहतो. जूनच्या पावसाला कोंब येतो.

शेवंती
मधुमेहाला पान खातात ते हेच ना? एक दांडा मिळेल का?

कुळागर
नाही बाय, ते इन्सुलिनचं झाड. नारिंगी फुलाचं, मूळचं ब्राझीलकडचं. कूळ एक, झाड वेगळं.

रानवाट
आडवा पडलेला दांडा म्हणजे बुडात कूज. त्यात दोन वेळा पाणी!

मासेवाला
तळीत गप्पी सोडा, डास होणार नाहीत.

फोंडेकर
डासांचं विचारलं नाही. तळी सिमेंटची आहे. चार कंद आहेत, तीन काठावर, एक आतल्या पायरीवर मातीत, अर्धा पाण्यात.

कुळागर
हे आधी सांगायला हवं होतं. सिमेंटची तळी पाणी बाहेर सोडत नाही. तिच्या काठची माती अंगणाएवढीच कोरडी, म्हणून तिथे ओल आपणच राखायची. पण ती वाढीच्या दिवसांत. पेवाला ओल हवी, साचलेलं पाणी नको. म्हणून ते पाटाच्या कडेला येतं, पाटात नाही. आता पाणी तोडा. पालापाचोळ्याचा जाड थर घाला, एप्रिलच्या उन्हात चिऱ्याची जमीन तापते. आणि बोटाने बाजूची माती सारून प्रत्येक कंद दाबून बघा.

फोंडेकर
बघितले. काठावरचे तीन आल्यासारखे घट्ट, नखाने खरवडल्यावर आत पांढरट. पायरीवरचा दाबताच पिचला, घाण वास आला. आडवे झालेले दोन्ही दांडे त्याचेच होते.

रानवाट
म्हणजे कूज होतीच.

कुळागर
त्या एकाला होती, मान्य. तो काढून टाका, तिथे परत लावू नका.

फोंडेकर
टाकला. आई विचारते, दांडे वाळून गेल्यावर जागा कळणार कशी? काठी रोवू का?

कुळागर
रोवा. मी चिऱ्याचा तुकडा ठेवतो, नाहीतर मे महिन्यात कुणीतरी कुदळ घालतंच.