आमच्या मोहल्ला चॅनलच्या पोरांना प्रेस कार्ड देणार कोण?

राजेंद्रनगरवाला
नमस्कार मंडळी. इंदूरला राजेंद्रनगरमध्ये आम्ही सहा जण मिळून एक छोटंसं यूट्यूब चॅनल चालवतो, पगारबिगार कुणालाच नाही, कुणी नोकरी सांभाळून करतं कुणी कॉलेज. ड्रेनेज, नर्मदेचं पाणी किती वाजता येणार, गणपतीतले कार्यक्रम, असलं सगळं. मागच्या आठवड्यात आमची एक पोरगी एका सरकारी ऑफिसात मोबाईल घेऊन उभी होती तर गार्ड म्हणाला, "कार्ड दिखाओ." तिच्याजवळ कॉलेजचं आयडी, तो हसला आणि बाहेर काढलं. आता एका संघटनेचा माणूस मागे लागलाय, माणशी २१०० द्या, अख्ख्या भारतात चालणारं प्रेस कार्ड देतो, गाडीचं स्टिकर फ्री. खरंच असा अधिकार असतो का त्यांना? आणि आम्हीच आमचं कार्ड छापलं तर गुन्हा आहे का?

जुना_डेस्क
ते २१०० वाचवा आणि पोरांना सराफ्यात नेऊन भुट्ट्याचा कीस खाऊ घाला.

पेपरात आयुष्य गेलं माझं म्हणून सांगतो, 'प्रेस कार्ड' नावाची एकच वस्तू नसते, लोक चार गोष्टींची खिचडी करतात. पेपर किंवा चॅनल आपल्या माणसाला देतं ते आयडी, त्याचा अर्थ एवढाच की हा आमचा माणूस. ते तुम्हीही देऊ शकता. सरकारी मान्यता वेगळी, आपल्याकडे तिला अधिमान्यता म्हणतात, ती जनसंपर्क विभाग देतो, राज्य, जिल्हा आणि तहसील स्तरावर. दिल्लीत हेच काम पीआयबी, म्हणजे केंद्र सरकारचं पत्र सूचना कार्यालय करतं, २०२२ च्या नियमांप्रमाणे तिथे पूर्णवेळ पत्रकाराला किमान ५ वर्षांचा अनुभव लागतो आणि फ्रीलान्सरला १५, म्हणजे हौशी लोकांचा प्रश्नच मिटला. आणि गंमत बघा, ती मान्यता मिळाली तरी व्हिजिटिंग कार्डावर 'भारत सरकार मान्यताप्राप्त' असं मिरवायला तिथे मनाई आहे, आणि तुमचा २१०० वाला म्हणतो अख्ख्या भारतात चालेल!

बाकी जिथे दार तिथला पास. विधानसभेचा पास विधानसभा देणार, होळकर स्टेडियमवर मॅच असेल तर क्रिकेटवाले. मतमोजणीच्या हॉलमध्ये तर निवडणूक आयोगाच्या पत्राशिवाय अधिमान्य पत्रकारालासुद्धा सोडत नाहीत. प्रेस क्लबचं कार्ड म्हणजे क्लबची मेंबरशिप, बस.

भिया_छप्पनवाला
आमच्या गल्लीत एका दूधवाल्याच्या बाईकवर प्रेस लिहिलंय. विचारलं तर म्हणे कपडे प्रेस करायचं दुकान पण आहे 😂

तिलकनगरची_वकीलीण
जुना_डेस्क काकांचं बरोबर आहे, कायद्याचं थोडं जोडते. बातमी करायला परवाना लागत नाही, पत्रकाराचा हक्क आणि तुमचा-माझा हक्क एकाच ठिकाणाहून येतो, घटनेच्या कलम १९(१)(क) मधून, पत्रकारांसाठी वेगळं कलम नाहीच. पण त्या हक्काने सरकारी ऑफिसच्या आतल्या खोलीचं दार उघडत नाही हेही खरं, तिथे कॅमेरा चालू द्यायचा की नाही ते तिथला अधिकारी ठरवतो. म्हणून आधी लेखी विचारा, आणि नाही म्हणाले तर कारणही लेखी मागा. कागद बघायचे असतील तर २००५ चा माहिती अधिकार आहेच, त्या अर्जात तुम्ही पत्रकार आहात की किराणावाले हे कुणी विचारत नाही.

स्वतःचं कार्ड छापणं गुन्हा नाही. चॅनलचं नाव, फोटो, फोन, 'स्वयंसेवक वार्ताहर', झालं. फक्त अशोकस्तंभ टाकू नका, त्यासाठी २००५ चाच वेगळा कायदा आहे, आणि सरकारमान्य असा भास होईल असं काही लिहू नका. ती संघटना प्रेस कौन्सिलचं नाव घेत असेल तर सांगा, कौन्सिल १९७८ च्या कायद्यावर चालते, पेपर आणि वृत्तसंस्थांच्या तक्रारी बघते, कार्डं वाटत नाही.

बडोदेकर
इकडे गुजरातेतही तसंच हो, अॅक्रेडिटेशन माहिती खातं देतं. वकीलताई, ऑनलाइन बातम्या देणाऱ्यांसाठीचे २०२१ चे आयटी नियम यांना लागतील का?

तिलकनगरची_वकीलीण
धंदा म्हणून पद्धतशीर बातम्या देणाऱ्यांना लागतात, त्यांना केंद्राच्या माहिती आणि प्रसारण मंत्रालयाला आपली माहिती द्यावी लागते आणि तक्रार अधिकारी नेमावा लागतो. हौस म्हणून करणारी व्यक्ती त्या व्याख्येबाहेर आहे. पण राजेंद्रनगरवाले, चॅनलवर जाहिराती घेत असाल तर एकदा भेटा, मग हौस म्हणणं अवघड जाईल.

राजेंद्रनगरवाला
ताई, एका मिठाईवाल्याची जाहिरात आहे, पण तो पैसे न देता चिवडा देतो. ते धरतात का 😅 भेटतोच या रविवारी.

कार्डं आम्हीच करतोय, अशोकस्तंभ काढला (डिझाइनमध्ये होता, खरं सांगतो). ऑफिसला अर्जही देतोय. आणि संघटनेवाल्याचा आत्ताच फोन आला, आता १५०० म्हणतोय.