शरद ऋतूचे स्वागत कोणत्या दिवशी करावे?

प्रश्न : गंगापूर रोड, नाशिक

नमस्कार. आमच्या सोसायटीत मूळच्या नाशिककरांबरोबरच खानदेश आणि विदर्भातून आलेली बरीच कुटुंबे राहतात. गणेशोत्सव आम्ही एकत्र साजरा करतो. परंतु त्यानंतर ज्याचे त्याचे घट ज्याच्या त्याच्या घरी बसतात, मुलांच्या वाट्याला केवळ दांडिया येतो आणि पावसाळा सरून शरद आला, हे कोणाच्या ध्यानातही येत नाही. यंदा ऋतूच्या स्वागतासाठी एक संध्याकाळ एकत्र घालवावी, असा विचार आहे. काहींनी २२-२३ सप्टेंबरचा विषुवदिन सुचवला आहे, काहींनी घटस्थापना, तर काहींनी कोजागरी. आपण कोणता दिवस निवडाल, आणि त्या दिवशी आपल्या भागाला साजेसे काय करता येईल?

उत्तर : पंचवटीतील एक गृहिणी

विषुवदिन मी सुचवणार नाही. अनेक वर्षी तो पितृपक्षात येतो. त्या दिवसांत रामकुंडावर श्राद्धकर्मासाठी लोकांची रीघ लागलेली असते आणि घरोघरी उत्सवाचे मन नसते. शिवाय पाऊसही गेलेला नसतो. सूर्य २७ सप्टेंबरच्या सुमारास हस्त नक्षत्रात जातो आणि हत्तीचा पाऊस त्यानंतर पडतो.

पंचांगाप्रमाणे आश्विन आणि कार्तिक हे शरदाचे महिने. म्हणून त्याचा पहिला सण म्हणजे आश्विन शुद्ध प्रतिपदेची घटस्थापना. मुलांना घट केवळ दाखवू नका, तो कसा चालतो हे समजावून सांगा. परडीत किंवा पत्रावळीवर शेतातली काळी माती पसरून तिच्यात धान्य पेरतात आणि मधोमध पाण्याने भरलेला मातीचा घट ठेवतात. भाजलेल्या मातीच्या सूक्ष्म छिद्रांतून पाणी हळूहळू झिरपते, भोवतीची माती ओली राहते आणि धान्याला अंकुर फुटतात. तांब्याच्या कलशातून असे पाणी झिरपत नाही, म्हणून तिथे रोज हाताने शिंपडावे लागते. देवघरात ऊन पोहोचत नसल्यामुळे हे अंकुर पिवळसर आणि उंच वाढतात; दसऱ्याला तेच टोपीत किंवा केसांत खोवतात. बियाणे कसे उगवते, हे रब्बीच्या पेरणीआधी घरातच पाहण्याची ही रीत आहे, असे मी मानते आणि म्हणूनच मला ती फार मोलाची वाटते.

मात्र घट हा प्रत्येक घराचा कुलाचार आहे, कोणाकडे माळ बांधतात, कोणाकडे फुलोरा. तो एकत्र करण्याचा आग्रह धरू नये. एकत्र येण्यासाठी कोजागरीच योग्य. आमच्याकडे भोंडला दसऱ्यापर्यंत संपतो, पण आपल्या सोसायटीतील खानदेशी भगिनींची गुलाबाई आणि वैदर्भीय भगिनींची भुलाबाई भाद्रपद पौर्णिमेला बसते आणि कोजागरीलाच तिला निरोप दिला जातो. पाटावर हत्ती काढून त्याच रात्री एक फेर आमच्या गाण्यांचा आणि एक त्यांच्या गाण्यांचा धरावा. खिरापत झाकूनच आणायला सांगा. ती ओळखण्यात मुलींना जो आनंद मिळतो, तो उघड्या ताटात मिळत नाही.

उत्तर : निफाड तालुक्यातील द्राक्षबागायतदार

काकूंशी मी सहमत आहे; फक्त शेताची बाजू मांडतो, कारण नाशिकचा शरद शहरापेक्षा बागेत लवकर कळतो. आमच्याकडे गोडी बहाराची, म्हणजे फळांसाठीची, छाटणी प्रामुख्याने सप्टेंबरअखेर आणि ऑक्टोबरात होते. बागलाणात काही बागा त्याच्या बऱ्याच आधी छाटतात. छाटणीनंतर डोळे फुटून पोंगा अवस्था, म्हणजे अगदी कोवळी फूट, येते आणि नेमका तेव्हा परतीचा पाऊस झाला, तर डाऊनी हा बुरशीजन्य रोग कोवळ्या फुटीवर आणि घडांवर पडतो. त्यामुळे आकाश निरभ्र झाले, की आम्हाला जो दिलासा मिळतो, तो कोणत्याही सणाहून कमी नसतो. दसऱ्याच्या आसपास आमच्यापैकी कोणी आपल्या बोलावण्याला आले नाही, तर राग मानू नये.

दोन सूचना कराव्याशा वाटतात. टोमॅटोच्या ओळींमध्ये अनेक शेतकरी झेंडू लावतात. फळ पोखरणारी अळी त्याकडे ओढली जाते आणि फुले दसऱ्याला विकली जातात. शक्य झाल्यास तोरणांची फुले थेट शेतकऱ्याकडून घ्यावीत आणि मुलांना तो वाफा दाखवावा. दुसरे आपट्याविषयी. बाजारात आपट्याच्या नावाखाली पुष्कळदा कांचनाच्या फांद्या येतात. आपट्याचे पान लहान, जाड आणि लांबीपेक्षा रुंद असते, तर कांचनाचे मोठे आणि पातळ. दोन्ही झाडांची अशी ओरबाड मला पाहवत नाही. घरटी एक पान देऊनही सोने वाटता येते.

आणि सकाळी वेळ असेल, तर नांदूरमध्यमेश्वरला या. २०२० मध्ये महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून घोषित झालेल्या या जलाशयावर स्थलांतरित पक्षी याच सुमारास उतरू लागतात.

उत्तर : दिंडोरीहून

एक बाब लक्षात ठेवावी. कोजागरीला सप्तशृंग गडावर कावडींनी आणलेल्या नद्यांच्या पाण्याने देवीला अभिषेक होतो, आणि तृतीयपंथी भाविकही त्या दिवशी मोठ्या संख्येने गडावर येतात. आपल्याकडील कोणी कावड घेऊन जाणार असेल, तर त्याला त्या रात्री घरी थांबण्याचा आग्रह करू नये. निघण्यापूर्वी त्याच्या कावडीचे सर्वांनी मिळून पूजन करावे. कोजागरीला घरातील ज्येष्ठ अपत्याला ओवाळण्याची रीतही विसरू नका. सोसायटीतील सर्व थोरल्या मुला-मुलींना एकाच रांगेत बसवून ओवाळले, तर फार शोभेल. पावसाळ्यात साचलेले पित्त शरदाच्या कडक उन्हाने या दिवसांत वाढते, असे आयुर्वेद सांगतो; तेव्हा आटवलेल्या दुधात साखर असू द्यावी, मसाला बेताचाच घालावा.

मूळ प्रश्नकर्ता

आपणा सर्वांचा मी मनापासून आभारी आहे. कोजागरी निश्चित केली आहे. घरोघरचे घट जसे बसतात तसेच बसतील. मात्र घटस्थापनेच्या दिवशी गच्चीवर मुलांच्या हातून दोन परड्या पेरून घेऊ, एक सावलीत आणि एक उन्हात ठेवू, म्हणजे अंकुरांच्या रंगातील फरक त्यांना स्वतःच दिसेल. गुलाबाई आणि भुलाबाईच्या गाण्यांची जबाबदारी तिसऱ्या मजल्यावरील दोन आजींनी आनंदाने घेतली आहे. निफाडच्या दादांना विनंती, की परड्यांसाठी आपल्या शेतातील थोडी काळी माती मिळू शकेल का? ती न्यायला आम्ही मुलांना घेऊनच येऊ, म्हणजे झेंडूचा वाफाही पाहणे होईल.