दगडातल्या सी अर्चिनवरून जुन्या समुद्राचं एवढं कसं काय कळतं?

भटकी_शिंपली: परवा म्युझियममध्ये सी अर्चिनचं (काटेरी कवचाचा समुद्री प्राणी) फॉसिल बघितलं, दगडावर पाच पाकळ्यांचं फूल कोरल्यासारखं, पाय निघेना तिथून. खाली लिहिलेलं की यावरून त्या काळचा समुद्र कसा होता ते समजतं. पण नुसत्या कवचावरून कसं? कोणीतरी नीट सांगा ना.

गाळवेडा: ते फूल म्हणजे श्वास घ्यायची जागा. पाकळ्यांच्या कडेने बारीक भोकांच्या जोड्या असतात, त्यातून मऊ नळीसारखे पाय बाहेर यायचे आणि पाण्यातला ऑक्सिजन घ्यायचे. तुम्ही पाहिलात तो बहुतेक हार्ट अर्चिन असणार, गाळात स्वतःला पुरून घेणारा. असे पुरून राहणारे ज्युरासिकच्या सुरुवातीला (साधारण २० कोटी वर्षांपूर्वी) आले, त्याआधीचे गोल आणि तळावर फिरणारे. म्हणजे तळ मऊ होता का याचा अंदाज आकारावरूनच येतो. इंग्लंडच्या चॉकमधला (मऊ पांढरा चुनखडक) मायक्रास्टर हा हार्ट अर्चिन बघाच, १८९९ मध्ये आर्थर रो यांनी एकावर एक थरांतून ढिगाने नमुने गोळा करून त्याचं कवच हळूहळू कसं बदलत गेलं ते दाखवलं, आता त्यावरून थर ओळखता येतो!

चुनखडी_प्रेमी: मला तर मेल्यानंतरची गोष्ट जास्त आवडते. अर्चिन मेला की काटे लगेच गळायला लागतात, त्यामुळे काट्यांसकट सापडला तर गाळाने त्याला झटकन गाडलं असं समजायचं. उलट कवचाच्या आतल्या बाजूलाही किड्यांच्या नळ्या चिकटलेल्या असतील तर ते रिकामं होऊन बराच काळ उघड्यावर पडून होतं. छोटंसं गोल भोक दिसलं तर बहुधा शिकारी गोगलगायीचं काम.

भटकी_शिंपली: बापरे! आणि पाण्याची केमिस्ट्री पण कळते म्हणतात ते खरं का?

खारंपाणी: हो, कवच कॅल्साइटचं (चुनखडीतलं खनिज, त्यात कॅल्शियम असतं) असतं आणि ते बनताना पाण्यातलं मॅग्नेशियमही त्यात जातं. आजच्या समुद्रात मॅग्नेशियम-कॅल्शियमचं प्रमाण ५ च्या आसपास आहे (कॅल्शियमच्या एका अणूमागे मॅग्नेशियमचे पाच), क्रिटेशिअसमध्ये (ज्युरासिकनंतरचा काळ) ते बरंच कमी होतं. समुद्राच्या तळाशी नवा बेसॉल्ट तयार होतो तिथे गरम पाणी खडकातून फिरताना मॅग्नेशियम खडकातच ठेवून येतं आणि कॅल्शियम घेऊन येतं, म्हणून हा आकडा म्हणजे पृथ्वीच्या पोटात काय चाललं होतं त्याचीही खूण. पण जपून, पाणी गरम असेल तरी कवचात मॅग्नेशियम जास्त जातं, शिवाय गाडलं गेल्यावर ते झिरपून निघून पण जातं, त्यामुळे कवच आतून बदललंय का ते मायक्रोस्कोपखाली आधी तपासावंच लागतं, नाहीतर समुद्राच्या नावावर भलताच आकडा खपतो.